गोड्या पाण्याचा समुद्र

काका खिशात मिठाची पुडी बाळगायचे. नेपरव्हिलमधल्या ज्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली होती, त्या घराचे ते मालक. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बारा महिने एकच तपकिरी कोट आणि डोक्याला लोकरीची कानटोपी. शिकागोला लेक मिशिगनच्या काठाशी गेलो की ते पुडी उघडायचे, चिमूटभर मीठ पाण्यात टाकायचे आणि पुडीची घडी घालून ती परत खिशात ठेवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी नवसाचं असेल, विचारू नये. पण मी पुण्याची असल्यामुळे विचारलंच.

"काका, हे काय?"

"समुद्राला मीठ."

"अहो, हा समुद्र नाहीये. लेक आहे. तळं."

"दुसरा काठ दिसतो का तुला?"

"नाही."

"मग समुद्रच. मिठात जरा कमी पडतो, एवढंच. ते मी टाकतो. होईल हळूहळू."

यावर वाद घालता येत नाही. मी तरी घातला, आणि हरले.

त्यांचं लहानपण वैनगंगेच्या काठी गेलं. शाळा पलीकडच्या काठाला. पूल होता, पण लांब, त्याला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जायचा. म्हणून नावेतून जायचं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: समोर पाणी असेल तर ते ओलांडायचं, वळसा घालायचा नाही. वळसा घालणं म्हणजे पाण्याचा अपमान. आता लेक मिशिगनचा नकाशा ज्यानं पाहिला असेल त्याला कळेल, की ही समजूत घेऊन आमच्या भागात राहणं किती गैरसोयीचं आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मिनी तळ्याच्या पलीकडे, ग्रँड रॅपिड्सला राहायची. तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. आमच्याकडून गाडीनं निघालं, की तळ्याच्या खालच्या टोकाला वळसा घालून सकाळचा माणूस दुपारच्या जेवणाला तिच्या घरी. काका मात्र नेपरव्हिलहून लोकल ट्रेननं शिकागोला जायचे, तिथून दुसऱ्या ट्रेननं उत्तरेला मिलवॉकीला, तिथून बोटीनं तळं आडवं ओलांडून मस्कीगनला, आणि मग बसनं ग्रँड रॅपिड्स. दिवस पुरा. कुणी हसलं तर म्हणायचे, "तुम्ही पोचता. मी प्रवास करतो."

ट्रेनमध्ये ते हट्टानं उलट्या तोंडाच्या सीटवर बसत. म्हणत, पुढचं दिसतं न दिसतं तोच जातं, मागे पडलेलं जास्त वेळ दिसतं. बोटीत पाय ठेवला की फोन बंद करत. "पाण्यावर माणसाला पत्ता नसावा." प्रवासात परक्याच्या हातचं काही खायचं नाही, हे त्यांच्या आईनं कधीकाळी बजावलेलं. ते त्यांनी अमेरिकेतही चाळीस वर्षं पाळलं. एकदा लोकलमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं कुकी पुढे केली तर हे अदबीनं म्हणाले, "नो थँक यू मॅडम, आय अ‍ॅम ट्रॅव्हलिंग." ती बाईही ट्रॅव्हलिंगच होती. तिला काही कळलं नाही.

आणि मिनीसाठी नेलेला खाऊ वाटेत फोडायचा नाही. खाऊ म्हणजे नागपूरची संत्रा बर्फी. कुणी ना कुणी तिकडून येताना आणायचं. तो डबा बॅगेत टाकलेला त्यांना चालायचा नाही. सगळा प्रवास तो मांडीवर. मी एकदा, फक्त गंमत म्हणून, एक वडी मागितली होती. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरभाडं बुडवलंय.

काकू होत्या तोवर या सगळ्याला लगाम होता. काकू माझ्याच गावच्या, पुण्याच्या. त्यांनी संसाराची सगळी वर्षं काकांचं मराठी सुधारण्यात घातली आणि बऱ्यापैकी यश मिळवलं. काका लग्नात म्हणे सासूला म्हणाले होते, "मी जेवून राहिलो." सासूबाईंनी ताट उचललं. त्यांना वाटलं, जावई जेवून मोकळा झाला. बिचारे काका अजून दुसऱ्याच घासावर होते. नागपूरकडे 'करून राहिलो' म्हणजे करतोय, चालू आहे. पुण्यात त्याचा अर्थच लागत नाही, किंवा भलता लागतो. त्या जेवणानंतर काकूंनी कंबर कसली. मी राहायला आले तेव्हा काका बोलायचे ते अगदी पुस्तकातल्यासारखं. येतोय, जातोय, करतोय.

त्याला एकच अपवाद होता, आणि तो मला वादळात कळला. संध्याकाळी टोर्नेडोचा सायरन वाजला. मी जिन्यातच उभी राहिले, काय करायचं सुचेना. तेवढ्यात खालून काकांचा आवाज, "सायरन वाजून राहिला ना बाप्पा! काय पाहून राहिली? खाली चाला, खाली!" तळघरात आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. काका टॉर्च मुठीत धरून दाराकडे बघत होते. काकू माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "लक्षात ठेव. हे घाबरले ना, की थेट नागपूरला जातात."

मी हसले. लक्षात मात्र ठेवलं नाही.

काकू गेल्यावर घर मोठं झालं. काका दोन कप चहा करायचे आणि एक मला वर आणून द्यायचे, मला हवा असो वा नसो. शुगर पूर्वीपासून होती, आता जेवणाआधी इन्सुलिन सुरू झालं. टोचून घ्यायचे आणि मग कुठेतरी रमायचे. खिडकीतल्या खारीत, टाइमटेबलमध्ये, कुठेही. एका दुपारी मी खाली आले तर काका स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले, घामानं डबडबलेले, आणि मला म्हणत होते, "मी ठीक आहे. तू जा." हात इतके थरथरत होते की साखरपाण्याचा पेला मलाच धरावा लागला. साखर उतरली की ते हट्टी व्हायचे. जेवढी जास्त उतरेल तेवढे जास्त ठीक असायचे.

मिनीला मी फोन केला. करायलाच हवा होता. तिनं ठरवून टाकलं: घर विकायचं, बाबांना कायमचं तिकडे न्यायचं. शनिवारी मी गाडी घेऊन येते, म्हणाली. फोन स्पीकरवर होता. काका भाजी निवडत होते.

"मला न्यायला यायचं नाही," ते म्हणाले. "मी येईन."

"बाबा, प्लीज. आय विल ड्राइव्ह यू. इट्स थ्री अँड अ हाफ आवर्स."

"मिने, आलेला माणूस आणि आणलेला माणूस यांत फरक असतो. आणलेल्या माणसाला ठेवतात. आलेला माणूस राहतो."

तिला मराठी कळायचं सगळं, बोलायची मात्र इंग्रजीतच. मग म्हणाली, "फाइन. बट शी गोज विथ यू. द होल वे. अँड इफ समथिंग हॅपन्स, दॅट्स इट, बाबा. नो मोअर बोट्स. नो मोअर गोइंग एनीव्हेअर अलोन."

शी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती आणि ती लपवण्याची धडपडही होती. मी म्हटलं, "जाते ना मी. मलाही बोट बघायचीय." मग मला समजलं की मी कशाला हो म्हटलंय. काही झालं तर या माणसाचं उरलेलं आयुष्य मागच्या सीटवर जाणार होतं, आणि ते न होऊ देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

निघालो तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. हवा सकाळपासूनच वाईट. ट्रेन मिलवॉकीला पोचेपर्यंत झाडं एका बाजूला वाकली होती. काका उलट्या सीटवर, मांडीवर बर्फीचा डबा. माझ्याकडे त्यांची निळी पिशवी: पोळीभाजी, ताकाची बाटली, आणि काही झालंच तर म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या. स्टेशनवरून टॅक्सी करू या म्हटलं, तर "बस आहे ना!" शहरातली बस आम्हाला धक्क्याच्या जवळ सोडून गेली. तिथून वाऱ्याशी झोंबत टर्मिनलपर्यंत चालत गेलो. त्यांनी माझा हात धरला नाही. कोटाची बाही धरली.

टर्मिनलमध्ये बोर्डावर लिहिलं होतं की लाटा मोठ्या आहेत, ज्यांना त्रास होतो त्यांनी विचार करावा. मी विचार करत होते. काकांनी बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन टोचून घेतलं, बाहेर येऊन बाकावर बसले, आणि डबा बाजूला ठेवून हात पुढे केला. "दे. जेवून घेऊ. पाण्यावर जेवण राहत नाही पोटात."

पिशवी नव्हती.

मी बाकाखाली पाहिलं, मागे पाहिलं, स्वतःच्या खांद्यावरसुद्धा पाहिलं. मग आठवलं, बस स्टॉपच्या बाकावर. काकांचा मफलर वाऱ्यात उडाला तो धरायला म्हणून पिशवी टेकवली होती. काकांनी टोचून घेतलं होतं आणि पोटात काही नव्हतं. मला फरशीवर बसलेले काका आठवले.

"काका, इथेच बसा. इथून हलायचं नाही. मी पळत जाते आणि आणते."

"जा. पण बोट कुणासाठी थांबत नाही, लक्षात ठेव."

मी पळाले. पिशवी स्टॉपवर होती, पण वाऱ्यानं कलंडलेली, ताकाची बाटली फुटलेली, पोळ्यांचा लगदा झालेला. ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी फुटपाथवर घरंगळत गेलेली, ती मी गटाराच्या जाळीपाशी धरली. तेवढ्यात फोन वाजला. काकांचा मेसेज. दोनच शब्द:

बसून राहिलो.

मला हुश्श झालं. शहाण्या मुलासारखे बसून राहिलेत, म्हटलं. मग आता थोडा वेळ आहे. समोर एक छोटं दुकान होतं. नुसत्या गोळ्यांवर माणूस लाटांत कसा टिकणार, म्हणून मी आत शिरले, केळी घेतली, ज्यूस घेतला, पुढच्या माणसाचं लॉटरीचं तिकीट निघेपर्यंत रांगेत उभी राहिले. पैसे देताना त्या दोन शब्दांवर पुन्हा नजर गेली, आणि काकूंचा आवाज कानाशी आला.

पुण्यात 'बसून राहिलो' म्हणजे बसलो तो बसलोच. नागपुरात 'बसून राहिलो' म्हणजे आत्ता बसतोय. गाडीत. बोटीत. चढतोय, तू ये. आणि काकांनी माझ्याशी आजवर कधी असं लिहिलं नव्हतं. काका घाबरले होते.

मी धक्क्यावर पोचले तेव्हा बोट आणि धक्का यांच्यात पाणी होतं. फार नव्हतं. वैनगंगेपेक्षा कमीच असेल. मी केळ्याचा घड हातात धरून "काका!" म्हणून ओरडले, तो आवाज वाऱ्यानं माझ्याच तोंडात परत कोंबला. फोन लावला. बंद. पाण्यावर पत्ता नसलेला माणूस.

बोट पलीकडे जायला अडीच तास. त्यातला बराचसा वेळ काठावरून फोनही लागत नाही. मी काउंटरवर धडकले. तिथली बाई चष्मा साखळीला अडकवून बसलेली, जाड आवाजाची. मी काय बोलत होते ते मलाच धड कळत नव्हतं. तिनं माझ्या हातातून केळी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हनी, स्लो. वन मोअर टाइम." मी सांगितलं. वय, कानटोपी, तपकिरी कोट, इन्सुलिन घेतलंय, खाल्लं नाहीये. तिनं लगेच रेडिओ उचलला. ती बाई मला आजही दिवाळीला आठवते.

मग मिनीला फोन केला. हा फोन त्याहून अवघड होता. ती ओरडली नाही. "आय टोल्ड यू," एवढंच म्हणाली, आणि लगेच, "आय अ‍ॅम ड्रायव्हिंग टू द डॉक. आय विल हॅव अ‍ॅन अ‍ॅम्ब्युलन्स देअर." म्हणजे स्ट्रेचर. म्हणजे काका स्ट्रेचरवरून उतरवले जाणार आणि गाडीत घातले जाणार. आणलेला माणूस.

रेडिओ खरखरला. काउंटरवरची बाई ऐकत होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. "दे फाउंड हिम. ही इज स्वेटिंग अँड शेकी. दे गेव्ह हिम ऑरेंज ज्यूस, ही वोन्ट टेक इट. ही सेज ही इज फाइन. ही सेज..." तिनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "ही सेज ही इज ट्रॅव्हलिंग?"

मला हसू आलं नाही. फरशीवरचे काका म्हणाले होते, मी ठीक आहे, तू जा. जबरदस्तीनं पाजायचा प्रयत्न केला तर ते ओठ मिटून घेतील आणि शुद्ध जाईपर्यंत उघडणार नाहीत, हे मला माहीत होतं. परक्याच्या हातचं ते खाणार नाहीत. पण त्यांच्या स्वतःच्या मांडीवर साखरेचा आख्खा डबा होता! आणि तो त्यांनी मिनीच्या दाराशिवाय कधीच कुठे उघडला नव्हता.

"कॅन दे से समथिंग टू हिम?" मी विचारलं. "इन माय लँग्वेज? ऑन द स्पीकर, सो ही थिंक्स इट्स मी?"

"शॉर्ट," ती म्हणाली. "कीप इट शॉर्ट."

मी तीन शब्द सांगितले. काका, बर्फी खा. तिनं ते तिकिटाच्या मागे तिच्या पद्धतीनं लिहून घेतले आणि रेडिओवर वाचून दाखवले: "काका बर्फी का." मी म्हटलं, 'का' नाही, 'खा', त्यात 'ह' आहे. ती म्हणाली, "शुअर, हनी," आणि पुन्हा म्हणाली, "का." तिकडच्या माणसानंही तसंच म्हटलं असणार. मग रेडिओ गप्प झाला. रांगेतली माणसं पुढच्या बोटीचं तिकीट विचारत होती. मी खिडकीपाशी उभी राहून तळ्याकडे बघत होते. दुसरा काठ दिसत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो समुद्र वाटला, आणि मला त्याचा राग आला.

बोटीवर काय झालं ते काकांनी मला नंतर सांगितलं, पुष्कळ वेळा, दर वेळी थोडं वाढवून. ते खिडकीपाशी बसले होते. लाटा काचेवर येत होत्या. डोळ्यांपुढे काजवे, कानात घूं घूं. समोर युनिफॉर्ममधला एक दांडगा गोरा माणूस ज्यूसचा ग्लास घेऊन उभा, आणि काका त्याला नको म्हणून राहिले. इतक्यात वरून आकाशवाणी झाली.

"काका, बर्फी का?"

काका दचकले. सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात कुणीतरी विचारत होतं. काका, बर्फी का? म्हणजे, डब्यात बर्फी आहे का? आता, कुणी न मागता डबा न उघडणं वेगळं. पण कॅप्टननं चारचौघांत बर्फी का म्हणून विचारल्यावर डबा झाकून बसायचं? वैनगंगेकाठचा माणूस असा वागत नाही. काकांनी थरथरत्या हातांनी दोरी सोडायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा त्या दांडग्या माणसानंच ती सोडली. काकांनी डबा पुढे केला. "प्लीज. फ्रॉम नागपूर." तो माणूस हुशार. त्यानं वडी उचलली आणि म्हणाला, "ओन्ली इफ यू हॅव वन विथ मी, सर."

पाहुण्याला एकट्याला खाऊ द्यायचं नसतं. काकांनी वडी तोंडात टाकली. मग त्यानं दुसरी घेतली, म्हणून काकांनी दुसरी घेतली. तिसरीनंतर काजवे गेले. शेजारी एक जोडपं पिशवीत तोंड घालून बसलं होतं, त्यांनाही विचारलं. मग पलीकडच्या रांगेला. "आता एवढ्या लोकांनी ऐकलं होतं ना," ते मला म्हणायचे, "मग वगळणार कुणाला?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्यापुढे फक्त काउंटरवरची बाई होती. शेवटी रेडिओ बोलला आणि तिनं चष्मा काढून मला अंगठा दाखवला, आपल्याकडचा नव्हे, इथला. मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. मग दोन केळी खाल्ली.

मस्कीगनच्या धक्क्यावर मिनी, अ‍ॅम्ब्युलन्स, स्ट्रेचर, सगळं तयार होतं. काका उतरले ते पायांनी, कानटोपी सरळ करून, एका हातात डबा. अ‍ॅम्ब्युलन्सच्या मुलीनं बोट टोचून शुगर पाहिली, ठीक निघाली. काकांनी तिलाही वडी दिली. मग मिनीसमोर अर्धा रिकामा डबा धरून त्यांनी मान खाली घातली. "मिने, खाऊ फोडला वाटेत. तुला उरलासुरला."

मिनीनं एक वडी खाल्ली. मग म्हणाली, "कार इज राइट देअर, बाबा."

काकांनी गाडीकडे पाहिलं आणि बस स्टॉपकडे पाहिलं. बसनं जाऊ म्हणायचा हक्क आता राहिला नाही असं त्यांना वाटलं असणार. ठरलंच होतं तसं.

मिनीनं गाडी तिथेच सोडली. दोघं बसनं गेली. तिनं मला फोन केला तो घराच्या पायरीवरून. मी अजून मिलवॉकीत, पुढच्या बोटीची वाट बघत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं मला थांबवलं आणि अडखळत मराठीत बोलली. तिच्या तोंडून मराठी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"बाबा आले," ती म्हणाली.

नंतर ते तिथेच राहिले. आलेला माणूस राहतो, तसे. सुधारणारं कुणी नसल्यामुळे त्यांचं बोलणं मूळपदावर गेलं आणि घाबरण्याची गरज न पडता ते बारा महिने नागपुरात असत. मिनी त्यांच्याशी मराठी बोलायला लागली ती तेच मराठी. फोनवर मला विचारायची, "काय करून राहिली?" आणि मला काकूंची आठवण यायची. काकूंनी कपाळावर हात मारला असता.

यंदा जानेवारीत, बर्फ पडत असताना, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते तेव्हा मिनीचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"बाबा जाऊन राहिले," ती म्हणाली.

एक क्षण माझं पुण्यातलं काळीज थांबलं. मग मी उठले. जाऊन राहिले म्हणजे गेले नाहीत. अजून जातायत. वेळ आहे. या वेळी मी कुठल्याही दुकानात थांबले नाही. बोट हिवाळ्यात बंद. मी गाडी काढली आणि तळ्याला वळसा घातला. पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडून काही दिसत नव्हतं. सगळा रस्ता मी मोठ्यानं म्हणत होते, जाऊन राहिले, जाऊन राहिले, जणू तसं म्हटल्यानं ते चालू राहणार होतं.

ते होते. मी आल्याचं मिनीनं कानात सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"कशानं आली?"

"गाडीनं, काका. बोट बंद आहे."

"वळसा घालून," ते म्हणाले. चेहरा वाकडा झाला तो दुखण्यानं की नापसंतीनं, मला कळलं नाही. मग कोटाकडे बोट दाखवलं. कोट खुंटीला होता. खिशात पुडी होती. मी ती घेतली, तेव्हा म्हणाले, "बोट सुरू झाली की टाक. आपण होऊन जा. कुणी नेलं म्हणून नको."

पहाटे ते गेले. मी आणि मिनी जवळ होतो.

मे महिन्यात बोट सुरू झाली. मी एकटीच गेले. लोकल, ट्रेन, बस. ट्रेनमध्ये उलट्या सीटवर बसले. बोटीत फोन बंद केला. दोन्ही काठ दिसेनासे झाले तेव्हा डेकवर जाऊन पुडी उघडली, आणि चिमूट टाकायची ती वाऱ्यानं सगळीच नेली. पाण्याचे शिंतोडे तोंडावर आले. मी ओठांवरून जीभ फिरवून पाहिली. अजून गोडच होतं.